‘प्रवासवणर्ने’: पेठेतल्या एका वाचनालयाचं लिनक्स प्रकरण

पुण्यातल्या एका पेठेत जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता, सरकारी अनुदान, वर्गणीदारांत निवृत्त मंडळी जास्त, आणि संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती खुर्ची मिळणं मुश्कील. नाव लिहीत नाही. पुढे त्यांच्या कपाटातलं बरंच काही बाहेर काढायचं आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात कार्यवाहांच्या हातात एका विक्रेत्याचं कोटेशन पडलं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. तुमची यंत्रं चौथ्या पिढीतली. सबब सगळी बदला. कोटेशनमधलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त शेवटचा आकडा वाचनालयाच्या ऐपतीबाहेरचा होता.

कार्यवाहांचा भाचा हिंजवडीत एम्बेडेड लिनक्सवर काम करतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी मुक्त, फुकट कार्यप्रणाली. त्याने मामांना सांगितलं, ‘मामा, एक पैसा देऊ नका. आम्ही येतो.’ हे ‘आम्ही’ म्हणजे आमचा लिनक्सवाल्यांचा गट. गटाच्या बैठकांची टिपणं मी ठेवतो, म्हणून हे प्रकरण लिहायचं माझ्याकडे आलं.

पुण्यात हा नाद जुना आहे. पुणे ग्नू/लिनक्स यूजर्स ग्रुप, म्हणजे ‘प्लग’, याच्या सभा वर्षानुवर्षं सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत भरत आल्या. ‘ग्नूनिफाय’ हा मेळावा तिथेच व्हायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयात फेडोराचं ‘फडकॉन’ संमेलन झालं. (फेडोरा, आणि पुढे येणारी डेबियन, आर्च, स्लॅकवेअर, ही सगळी लिनक्सची वेगवेगळी रूपं, म्हणजे डिस्ट्रो.) आमच्यातले निम्मे लोक अशाच कुठल्या तरी मांडवात एकमेकांना भेटलेले. एक मुलगी डेबियनची पॅकेजं सांभाळते. एक जण आर्च वापरतो आणि ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. एक काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी फ्लॉप्यांवरून स्लॅकवेअर चढवलं होतं, त्यामुळे कुठल्याही अडचणीला त्यांचा पहिला शब्द ‘यात काय एवढं’ हाच असतो. आमच्या गप्पा मॅट्रिक्स या मुक्त संदेशसेवेवर चालतात, तत्त्व म्हणून. वाचनालयाशी बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर झालं आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

आधी सोपं ते सांगून टाकतो. यंत्रं हळू चालत होती ती मुख्यतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. एसएसडी आणि थोडी वापरलेली डीडीआर३ रॅम आणली आणि अर्धी तक्रार तिथेच मिटली. नुसतं एवढं केलं असतं तरी विंडोज १० पुन्हा पळायला लागलं असतं. पण सुरक्षेचा प्रश्न उरतोच, म्हणून डेबियन १३ आणि वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीने ३२-बिट पीसीवर नव्याने बसायचं सोडून दिलं आहे, त्यामुळे कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या यंत्रावर डेबियन १२ ठेवावं लागलं. कुठलं डिस्ट्रो घ्यायचं यावर आमच्यात जो वाद झाला तो इथे उतरवण्यात अर्थ नाही. ज्यांना असे वाद माहीत आहेत त्यांना तो पाठ आहे, आणि ज्यांना माहीत नाहीत ते सुखी आहेत.

हिशेबाचं यंत्र विंडोजवरच राहिलं. टॅली विंडोजसाठी लिहिलेलं आहे, लेखापरीक्षक टॅलीची फाइल मागतात, विषय संपला. जुना लेझर प्रिंटरही त्याच यंत्राला जोडून ठेवला. हा प्रिंटर म्हणजे निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तो ठोकळा: त्याला पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल या प्रिंटरांच्या नेहमीच्या भाषा कळत नाहीत, पानाचं चित्र संगणकाने तयार करून कंपनीच्या खासगी भाषेत पाठवावं लागतं. लिनक्सवर तो चालवण्याच्या युक्त्या आहेत, पण त्या दर अपडेटला जपाव्या लागतात. म्हणून बाकीच्या यंत्रांवरून पीडीएफ एका सामायिक फोल्डरमध्ये टाकायची आणि तिथून छापायची. आमच्यातल्या कट्टरांना हे झोंबलं. मला ही या प्रकरणातली सगळ्यात शहाणी तडजोड वाटते.

खरं प्रकरण पुढे आहे.

फॉक्सप्रोची पेटी

ग्रंथयादी आणि देवघेव दोन्ही फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये होती. तो कधी काळी एका होतकरू मुलाने लिहून दिला होता. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार जानेवारी २०१५ मध्ये पूर्ण थांबवला, पण त्याची .डीबीएफ ही फाइल सरळ माणसासारखी असते: आधी रकान्यांची माहिती, मग ओळीमागून ओळ. लिबरऑफिस हा मुक्त ऑफिस संच ती उघडतो, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ती वाचायला तयार कोड मिळतो. काका म्हणाले, ‘यात काय एवढं.’

फाइल उघडली. पुस्तकांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, उद्गारचिन्हं, डॉलर, कंस यांची खिचडी. ग्रंथपालबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, फॉन्ट लाव ना त्याला. मग दिसेल.’

अगदी बरोबर. फॉन्ट लावला की दिसायचं. मजकूर मराठी नव्हताच; मराठी फक्त फॉन्टमध्ये होतं. संगणकाच्या लेखी ते रोमन चिन्हांचे तुकडे होते आणि त्या-त्या चिन्हाच्या खणात फॉन्ट बनवणाऱ्याने देवनागरीचा एकेक तुकडा ठेवलेला होता. पुण्या-मुंबईतल्या डीटीपीवाल्यांनी, छापखान्यांनी, सरकारी कचेऱ्यांनी दोन दशकं असंच काम केलं. पर्याय नव्हता असं नाही. आयएससीआयआय हे भारतीय लिप्या संगणकात साठवण्याचं प्रमाण १९९१ चं आहे, आणि युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारं प्रमाण, याचा देवनागरी विभाग त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे. पण छापील पानावर अक्षर सुबक दिसावं याला तेव्हा किंमत होती. मजकूर शोधता यावा याला नव्हती.

एका फॉन्टमध्ये खण साधारण दोनशेच. पूर्ण अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, अरुंद आणि रुंद अक्षरांसाठी वेगवेगळ्या लांबीच्या वेलांट्या, हे सगळं त्यात बसवायचं. मग काटकसर सुरू. ‘ग’ला वेगळा खण कशाला, अर्धा ‘ग्’ ठेवा आणि पुढे दंड टाका. तोच दंड काना म्हणूनही चालेल. म्हणजे फाइलमध्ये ‘ग’ हा दोन तुकड्यांचा आणि ‘गा’ तीन तुकड्यांचा.

डेबियनवाल्या मुलीने फॉन्टफोर्ज या फॉन्ट संपादकात तो फॉन्ट उघडून प्रत्येक खणासमोर युनिकोडमधलं अक्षर लिहिलं. कंटाळवाणं काम, एका सुट्टीत उरकणारं. तक्ता झाला, त्यावरून रूपांतर करणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, चालवली, आणि पडद्यावर विषयांची यादी आली:

कथा. नाटके. चरित्रे. प्रवासवणर्ने.

खाली सभेच्या सूचनांची जुनी फाइल होती. तिचा मथळा: ‘वाषिर्क सवर्साधारण सभा’.

मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या बातम्या इंटरनेटवर वाचल्या असतील तर हे रूप ओळखीचं असेल. ‘आथिर्क’, ‘मागर्’, ‘कायर्क्रम’. लाखो लोकांनी हे वाचलं आणि कोणीतरी घाईत टंकलं असेल म्हणून सोडून दिलं. कोणी चुकीचं टंकलेलं नव्हतं. रूपांतर करणाऱ्याने तक्ता केला आणि क्रम विसरला.

रफार आणि वेलांटी

जुना फॉन्ट मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवतो, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. बहुतेक अक्षरांना याने फरक पडत नाही. दोन पाहुणे मात्र आडवे येतात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. रफार दिसतो अक्षराच्या डोक्यावर, म्हणून टंकणारा तो अक्षर झाल्यावर मारतो. उच्चारात तो आधी येतो.

‘वार्षिक’ या एका शब्दात दोघेही एकाच ‘ष’वर बसलेत. फाइलमध्ये क्रम असा: व, काना, वेलांटी, ष, रफार, क. वेलांटी उचलून ‘ष’च्या मागे नेली, इथवर ठीक. पण रफार होता तिथेच ‘र्’ म्हणून लिहिला तर तो पुढच्या ‘क’वर जाऊन बसतो, आणि ‘वाषिर्क’ तयार. रफार मागे न्यायचा असतो, वाटेतल्या काना-मात्रा ओलांडून, अक्षराच्याही आधी. आणि ‘अक्षर’ म्हणजे एकटं व्यंजन नव्हे, अख्खं जोडाक्षर. ‘व्यक्तिचित्रे’मध्ये वेलांटी ‘क्ति’ या जोडाक्षराच्या आधी लागते. तिला एकच घर पुढे सरकवलं तर ती ‘क्’ आणि ‘त’ यांच्या मधे लटकते.

म्हणून कामाचा क्रम ठरला: आधी तुकडे जोडून पूर्ण अक्षरं करायची, मग जोडाक्षरांच्या हद्दी ओळखायच्या, मग वेलांटी, मग रफार. हे नियम तक्त्यापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा आग्रह आर्चवाल्याने धरला. तेव्हा तो आम्हाला नसता बारकावा वाटला होता.

तरीही घाण उरलीच. ‘ओळख’ हा शब्द ‘आेळख’ असा आला, कारण फॉन्टमध्ये ‘ओ’ म्हणजे ‘आ’वर मात्रा. ‘औषधी’चं ‘आैषधी’ झालं. पडद्यावर नीट बघितल्याशिवाय फरक कळत नाही, पण शोधाला तो ठळक कळतो: सापडतच नाही. ‘कादंबऱ्या’ची तर दोन बिऱ्हाडं निघाली. काही नोंदी आधीच कोणीतरी युनिकोडमध्ये टंकल्या होत्या. त्यांतला अर्धा र ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहिलेला, तर आमच्या स्क्रिप्टने नुक्तावाला ‘ऱ’ वापरलेला. दिसायला जुळे भाऊ, संगणकाला अनोळखी. ‘ॲ’चंही तेच: २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने त्याला स्वतंत्र जागा दिली, त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र ठेवून भागवत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही. त्या हातानेच एक कराव्या लागतात.

यंत्राला संशयास्पद शब्द वेगळे काढता येतात: दोन मात्रा सलग आलेले, वेलांटीने सुरू होणारे, मराठीच्या शुद्धलेखन कोशात नसलेले. पण वाचनालयाच्या यादीत निम्मी विशेषनामं असतात. लेखकाचं आडनाव कोशात सापडणार कसं? इथून पुढचं काम ग्रंथपालबाईंनी केलं. हस्तलिखित दाखल नोंदवही मांडीवर, समोर लिबरऑफिसचा तक्ता, आणि एकेक ओळ. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या वाचूनच स्क्रिप्टला नवे नियम सुचले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गीटच्या इतिहासात त्यांचं नाव सहलेखक म्हणून घातलं आहे. त्यांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘यात माझा फोन नंबर नाही ना दिसत?’

प्रश्न विनोदी नव्हता. त्याच पेटीत सभासदांचे पत्ते, फोन आणि कोणी काय वाचलं याचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना सगळं उघडं करायची सवय असते. चाचणीसाठी नमुना म्हणून अख्खी फाइल कोडसोबत चढवून देणारे मी पाहिलेत. इथे सभासदांच्या फाइलला वाचनालयाबाहेर काढायचं नाही, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. कोडसोबत गेले ते फक्त सुटे शब्द.

कोहा की घरचं

नोंदी साफ झाल्यावर त्या ठेवायच्या कशात, यावर खडाजंगी झाली. भाच्याचं म्हणणं: एस्क्यूलाइट हा हलका डेटाबेस आणि पायथॉनचं छोटंसं वेबपान, दोन शनिवार-रविवारांत लिहून देतो, अगदी बाईंना हवं तसं. दुसरा पक्ष कोहा या ग्रंथालयांसाठीच्या तयार सॉफ्टवेअरचा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी लिहिलेलं, जानेवारी २००० पासून चालू असलेलं, जीपीएल या मुक्त परवान्याचं. पण कोहा म्हणजे डेटाबेससाठी मारियाडीबी, पर्ल ही भाषा, शोधासाठी झेब्रा, नोंदींसाठी मार्क हा साचा. एका खोलीच्या वाचनालयाला हे भरजरी होतं, हे मान्य करायला हवं.

गटाचा कल भाच्याकडे होता. लिहायला मजा येते ते नेहमीच बरोबर वाटतं. वादाचा निकाल बाईंनी लावला: ‘आधीच्या मुलानेही मला हवं तसंच लिहून दिलं होतं. चांगला होता रे मुलगा. आता कुठे असतो कुणाला ठाऊक.’

भाच्याने लॅपटॉप मिटला. कोहा ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी शिकतात, पुण्यातल्या कॉलेजांत ते चालवणारी माणसं आहेत. आमचा गट उद्या पांगला तरी वाचनालयाला दुसरा कोणी सापडेल. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात हा एकच निर्णय असा होता की तो चुकला असता तर बाकीची मेहनत पाच-सात वर्षांत पुन्हा पेटीबंद झाली असती. आणि तो घेतला एका अशा व्यक्तीने, जिला सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे काय हे कधी कोणी समजावलेलं नव्हतं.

कोहा एका यंत्रावर बसवलं, त्यात रॅम वाढवली, यूपीएस लावला. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि डेटाबेस अर्धवट बंद पडला की पुढचा दिवस त्यातच जातो. नोंदी पायमार्कने मार्कमध्ये नेल्या. झेब्रा मूळ मांडणीत देवनागरी शब्द नीट तोडत नाही, त्याला आयसीयू हे युनिकोड मजकूर हाताळणारं साधन वापरायला सांगावं लागतं. हे आधी वाचलेलं असल्यामुळे वेळ वाचला.

मग बाईंनी यादी छापून मागितली आणि पहिल्याच नजरेत विचारलं, ‘ज्ञ ‘ज’मध्ये कसा?’ युनिकोडच्या दृष्टीने ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ, त्यामुळे तो ‘ज’च्या रांगेत उभा राहतो. बाईंच्या कार्डांच्या कपाटात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ‘ह’नंतर, शाळेत शिकवतात तसे. आयसीयूला क्रमाचे स्वतःचे नियम देता येतात, तेव्हा छापील यादीपुरता एक नियम लिहून दोघांना शेवटी बसवलं. पडद्यावरच्या यादीत ज्ञ अजून ‘ज’मध्येच आहे. तिथे शोधून सापडतं म्हणून बाईंनी ते चालवून घेतलं, पण नाराजी नोंदवून.

बोटांचा प्रश्न

बाईंनी मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा टाइपरायटरवर दिलेली. जुन्या पॅकेजमध्येही तीच कळांची मांडणी होती. लिनक्सवर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक लावून दिला आणि काकांनी सांगितलं, ‘महिन्याभरात सवय होईल, मॅडम.’ बाईंनी काकांकडे जसं बघितलं त्यावरून कळलं की होणार नाही.

गटात दोन मतं पडली. इनस्क्रिप्ट हे प्रमाण आहे, तेच शिकावं, असं एक. मी दुसऱ्या बाजूचा: आयुष्यभर कमावलेला वेग आमच्या सोयीसाठी कोणी का फेकून द्यावा? शिवाय लिनक्सवर टंकनाची सोय करणाऱ्या आयबससोबत वापरली जाणारी एम१७एनची कळांची मांडणी ही साधी मजकूर फाइल असते, अमुक कळ दाबली की तमुक अक्षर. बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. इथेही अडलं ते वेलांटीशीच: टाइपरायटरवर ती आधी मारायची. तेव्हा फाइलमध्ये अशी सोय केली की वेलांटीची कळ दाबल्यावर ती थांबून राहते, व्यंजन आलं, अर्धं असेल तर त्याच्या पुढचंही आलं, की मग मागे जाऊन बसते. रफाराला याच्या उलट. मागे खोडताना अजून कधी कधी वेलांटी एकटी उरते. बाईंनी त्याची सवय करून घेतली आहे. त्यांच्या मते खऱ्या टाइपरायटरवर तर खोडताच यायचं नाही.

कार्यकारी मंडळात एका सदस्यांनी शेवटपर्यंत विरोध केला. फुकट काम करणारी पोरं उद्या आली नाहीत तर? मुक्त सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांवर भाच्याने त्यांना बरंच ऐकवलं. त्यांच्यावर ढिम्म परिणाम झाला नाही, आणि मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो. त्याला उत्तर म्हणून जे झालं ते भाषणाने नाही. यंत्र बंद पडलं तर काय करायचं, बॅकअपची डिस्क कुठे ठेवली आहे, कोहाचे पासवर्ड कोणाच्या पाकिटात आहेत, हे मराठीत लिहून दोन पानं देवघेवीच्या टेबलाच्या खणात ठेवली. मग सहायक मुलीने ती पानं समोर धरून, आमच्यापैकी कोणी मधे न बोलता, बॅकअपवरून अख्खी यादी दुसऱ्या यंत्रावर उभी करून दाखवली. सदस्यांनी इतिवृत्तात विरोधाची नोंद तशीच ठेवायला सांगितली आणि एसएसडीच्या बिलावर सही केली.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वाचनालयाने विचारणा केली आहे. त्यांची यादीही अशाच पेटीत आहे, पण फॉन्ट वेगळ्या घराण्यातला. त्यात ‘ग’ला पूर्ण खण आहे आणि वेलांट्यांचे प्रकार जास्त. तक्ता नव्याने करावा लागणार. क्रमाच्या नियमांची वेगळी फाइल तिथल्या नमुन्यावर चालवून पाहिली, तर रफार पहिल्याच फेरीत जागेवर बसले. ‘आेळख’ मात्र तिथेही आहे.